दरीबोली

छापखान्यात त्याला सगळे खोडरबर म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. मुद्रितं तपासण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पद्धत मात्र जुनी: प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. 'तो उठला स्वल्पविराम दार उघडलं पूर्णविराम.' घरी आलेला पाहुणा चक्रावून जाई आणि बायको हसून हसून बेजार होई.

त्याच बायकोची वाचा गेली. मेंदूला झटका आला, हातपाय सावरले, पण तोंडातून शब्द फुटेना. उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं, "रोज तिच्याशी बोला. घरातलं, साधंसुधं. आता जे कानावर पडेल तेच तिच्यात रुजेल."

बोला म्हणणं सोपं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाकडे स्वतःचं असं काय असतं बोलायला? शिवाय टेबलावर ती जाडजूड कादंबरी तपासायची पडली होती. लेखकानं एका दरीतल्या माणसांसाठी अख्खी बोली मनानं रचली होती. छापखान्यातल्या बाकीच्यांनी दोन पानांतच हात टेकले होते. खोडरबरनं विचार केला, कामही होईल आणि औषधही. खुर्ची पलंगाशी ओढली आणि झाला सुरू. एवढा शहाणा माणूस, पण नेमकी तिथंच अक्कल चरायला गेली.

पाव कादंबरी झाली असेल. एका सकाळी बायको म्हणाली, "झिळू दे पूर्णविराम."

झिळू म्हणजे पाणी. तो ढसाढसा रडला. तिला पाणी पाजलं आणि परगावच्या लेकीला फोन लावला. ती बिचारी आईच्या एका हाकेसाठी जीव टांगून बसली होती.

"काय म्हणाली आई?"

"पाणी मागितलं," तो म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

मग ती घडाघडा बोलू लागली, पण सगळं दरीतलंच. खोडरबर घाबरला. वर्तमानपत्र वाचून पाहिलं, तर ती भिंतीकडे तोंड फिरवून मुकी होई. तिचं ते गप्प राहणं त्याला सोसवेना, आणि हात पुन्हा कादंबरीकडे जाई. हळूहळू ती वागूही लागली दरीतल्यांसारखी. दरीतले लोक परक्या माणसाला घाबरत, तशी तीही दूधवाल्याचा आवाज आला तरी अंग चोरून बसायची. खरं सांगायचं तर, त्याला हे गोड वाटू लागलं होतं. उभ्या संसारात ती त्याच्याशी एवढं कधी बोलली नव्हती. आपल्याला हे आवडतंय, याचीच त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटे.

शेवटी लेक न कळवताच येऊन धडकली. पिशवी दारात टाकून आईच्या गळ्यात पडली. "बाबा, मी आईला घेऊन जायला आलेय. तिथं पोरं आहेत, चार माणसं बोलतील तिच्याशी. सगळं परत येईल बघ."

येईलही, हे त्याला कळत होतं.

आईनं तिला नीट न्याहाळलं. मग नवऱ्याकडे वळून दरीबोलीत विचारलं: ही बाई कोण, आणि आपल्या घरात का रडतेय?

"मला अजून तिचं बोलणं नीट कळत नाही. काय म्हणाली, बाबा?"

"म्हणते... किती वाळलीस."

लेक रडता रडता हसली. "विचार ना तिला, माझ्याबरोबर येशील का म्हणून."

त्यानं विचारलं. बायकोनं त्याचं मनगट घट्ट धरलं आणि भराभर सांगू लागली. ही तीच, दरीत दारोदार रडत हिंडणारी. लेक म्हणवून घरात शिरते आणि घरातलं माणूस घेऊन जाते. अंधार पडायच्या आत घालव हिला.

लेक त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"म्हणते," तो सावकाश म्हणाला, "मला इथंच राहू दे. आणि उजेड आहे तोवर तू नीघ, रस्ता बरा नाही."

लेकीनं डोळे पुसले. "तिचीच इच्छा असेल तर मी काय बोलणार? पहिल्यापासून अशीच आहे ती. जीव सगळा दुसऱ्यांच्या काळजीत." तिनं आईच्या कपाळावर ओठ टेकवले आणि पिशवी उचलली. आई अंग आक्रसून बसून राहिली.

पावलं जिना उतरून गेली. त्यानं वरची कडी लावली, खालचीही लावली. आतून बायको मोकळ्या, आनंदी आवाजात त्याला वाचायला बोलावत होती, आणि तो लगबगीनं आत गेला.