वार्निश मारलेलं सूप

मी सूप. अस्सल बांबूचं, बुरुडाच्या हातचं. एवढ्यावर थांबलो असतो तर अब्रू राहिली असती. पण पुढचं सांगणं भाग आहे.

सुपाचं काम एकच. दाणा ठेवायचा, फोलपट उडवायचं. त्यासाठी सुपाला मेथीच्या लगद्याने सारवतात, म्हणजे दाणा अंगावर धरून राहतो. मला कोणी सारवलं नाही. पुण्याच्या एका दुकानात मला काळा रंग दिला, पोटावर वारली बायका नाचवल्या आणि वर वार्निश फासलं. अभिजित आणि शुभदाने मला आयर्लंडला आणून सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावरच्या भिंतीला टांगलं. पाहुणे म्हणायचे, "किती ऑथेंटिक!" मी छाती काढून लटकायचो. जन्मात एक दाणा पाखडला नव्हता.

२०२० साली अभिजितचे वडील गुरुनाथ थोड्या दिवसांसाठी आले आणि विमानं बंद झाली. सत्तरीपुढच्यांनी घरातच राहायचं, असा हुकूम निघाला. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये. गुरुनाथ कपबशी विसळायला गेले तरी, "बाबा, आवाज!" बसून बसून माणूस वाळत चालला.

अशात दुकानातले सोललेले शेंगदाणे संपले. सालीसकट दाण्यांचं पाकीट घरी आलं. चतुर्थीच्या खिचडीला कूट हवं होतं. गुरुनाथांनी दाणे भाजले, चोळले आणि सोफ्यावर चढून मला खाली काढलं.

"आजोबा, दॅट्स नॉट अ टूल! इट्स आर्ट!" नात स्वानंदी ओरडली.

"गप बस. सूप आहे ते."

मी धन्य झालो. लगेच तोंडघशीही पडलो.

बाल्कनीत इथला वारा. गुरुनाथांनी सराईत हाताने झटका दिला. वार्निशवरून दाणे घसरले ते कठड्यापलीकडे, थेट खालच्या बाल्कनीत. फोलपटं वाऱ्याने उलटी फिरली आणि त्यांच्या मिशांत नि माझ्या काठात अडकली. दाणा टाकला, फोलपट ठेवलं. इतकं उलट्या डोक्याचं सूप दुसरं नसावं.

अभिजित कानातला हेडफोन काढत धावत आला. "बाबा, काय केलंत! इथे कपडे वाळत घातले म्हणून घरमालकाने ताकीद दिलीय. आता खालून तक्रार गेली तर घर सोडायला लावेल. या दिवसांत जायचं कुठे?"

गुरुनाथांनी मिशी झटकली. "चुकलं. उद्यापासून बसून राहीन."

स्वानंदीने मला उचललं. "ब्राउन बिन?" इथे कुजणारा कचरा त्यात जातो. कलेची किंमत एवढीच.

तेवढ्यात खालून हाक आली. खाली नोरीनबाई एकट्याच राहतात. त्याही सत्तरीपुढच्या. अभिजित कठड्यावरून वाकून "सॉरी, सो सॉरी" करू लागला.

"सॉरी कसलं?" बाई म्हणाल्या. "रॉबिन पक्षी आलाय दाणे टिपायला! लॉकडाऊन लागल्यापासून माझ्याकडे आलेला पहिला पाहुणा. वरच्या त्या गृहस्थांना विचार, पुन्हा कधी टाकणार?"

अभिजितने मराठीत सांगितलं. गुरुनाथांनी मान ताठ केली.

"सांग, रविवारी."

मग दर रविवारी ते कॉलरचा शर्ट घालून बाल्कनीत उभे राहू लागले. खालून आवाज यायचा, "ग्रँड!" वरून हेही म्हणायचे, "ग्रँड!" दोघांचं संभाषण एवढंच, पण तेवढ्यावर दोघांचा आठवडा निघायचा.

एकदा शुभदाने मेथ्या भिजवल्या. "बाबा, याचं वार्निश खरवडू आणि नीट सारवू. खरं सूप होईल."

माझा ऊर भरून आला. गुरुनाथांनी खाली वाकून पाहिलं. पक्षी वाट बघत होते.

"राहू दे. खरं सूप खाली काही पाडत नाही."

मेथ्यांची उसळ झाली.

२०२१ मध्ये गुरुनाथ परत गेले. आता रविवारी स्वानंदी मला काढते. ती माझ्याहून अडाणी. दाण्यांबरोबर फोलपटंही खाली पाठवते. नोरीनबाई तरीही "ग्रँड" म्हणतात, आणि पोरगी फोनवर आजोबांना तेवढं आठवणीने सांगते.

माझं म्हणाल तर वार्निश जागोजाग उडालंय. एका वारली बाईचे पाय गेले. आणि वार्निश उडालंय तिथे दाणा थोडा धरून राहू लागलाय. म्हणजे या वयात मी सुधारतोय.

तेव्हा घरच्यांना हात जोडून सांगणं आहे. फार उशीर होण्याआधी मला वार्निशचा एक हात मारा.