अवमूल्यनाचं दुसरं वाक्य

शाळकरी मुलांसाठी शब्दकोश काढणाऱ्या त्या कार्यालयाचा एक शिरस्ता होता. प्रत्येक शब्दाला दोन वाक्यं: एक पुस्तकी, एक घरगुती. तिथं दोघे भाऊ कामाला होते; वाक्यं लिहायची धाकट्याने आणि छापून आलेली कच्ची पानं तपासायची थोरल्याने. वडील गेल्यावर या थोरल्यानेच, म्हणजे दादाने, त्याला शिकवलं, नोकरीला चिकटवलं. त्या धबडग्यात स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. अजून दोघं एकाच घरात राहत.

घरगुती वाक्यासाठी धाकटा फार लांब जात नसे. 'गळणे'ला घरचा नळ, 'कटकट'ला बायको. ती म्हणायची, "या घरात भांडायचीही चोरी. लगेच छापून येतं."

'अवमूल्यन' हा शब्द समोर आला तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. पहिलं वाक्य हातासरशी उतरलं: 'सरकारने चलनाचे अवमूल्यन केले.' दुसऱ्यापाशी घोडं अडलं. पोटात कावळे ओरडत होते. शेवटी त्याने लिहून टाकलं, 'नजर अधू झाल्यापासून थोरल्या भावाचे घरात अवमूल्यन झाले.' शब्द चपखल बसला म्हणून तो खूशही झाला.

तीन दिवसांनी पानं छापून आल्याचं कानावर पडलं आणि त्याला ते वाक्य आठवलं. ते पान दादापुढेच जाणार होतं. आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. वर्षभरात दादाला कुणी काही विचारेनासं झालं होतं. घर रंगवायला काढल्याचंसुद्धा त्याला हाताला ओला रंग लागल्यावर कळलं.

धाकटा जिना चढून धापा टाकत गेला. दादा भिंग धरून ओळींवरून बोट फिरवत होता. बोट त्या शब्दाच्या बरंच खाली पोहोचलं होतं.

"दादा, एक वाक्य बदलायचंय."

कुठलं, ते त्याला सांगवेना. दादानेच बोट वर नेलं आणि नेमकं तिथं टेकवलं.

"हे ना? कशाला? शब्द बरोबर वापरलाय, अर्थ कळतोय."

"दुसरं सुचेल मला."

"चूक असती तर मी सोडली असती का?"

तसं काही नाही रे, एवढंच धाकट्याला म्हणायचं होतं. पण दादापुढे खोटं बोलायची सवयच नव्हती. दादाने चाचपडत पानाखाली सही केली.

"तूच नेऊन दे छापखान्यात," तो म्हणाला. "मला हल्ली पायऱ्या दिसत नाहीत."