विंगेतली टाळी

कापसाचा बोळा सकाळी पांढराच असणार, आता मात्र कडेनं पिवळट झाला होता... गोमटेशच्या डाव्या कानात होता तो, आणि साताऱ्याला प्रयोगासाठी निघालेली गाडी खड्ड्यात आदळली की जरासा बाहेर यायचा; मग गोमटेश न बघताच करंगळीनं तो आत सारायचा. मागच्या सीटवर बसलेल्या राजेश्वरीला आष्ट्यापासून दुसरं काही दिसत नव्हतं. खिडकीबाहेर ऊसतोड चालली होती, मांडीवर एकांकिकेची संहिता उघडी होती, पण नजर फिरून फिरून तिथंच. उपटून काढावा तो बोळा, खिडकीतून भिरकावून द्यावा आणि विचारावं, एवढं काय झालंय रे तुला, एवढं काय... असं वाटलं याचीच तिला चीड आली. चीड आली की तिचे दात आवळले जायचे. आजही आवळले.

सांगलीतल्या कॉलेजचं नाट्यमंडळ ती दोन वर्षं चालवत होती. चालवायचं म्हणजे शिपायाशी गोड बोलून हॉलची किल्ली काढायची, प्राचार्यांच्या सहीसाठी दारात ताटकळायचं, पोरींच्या घरी फोन करून ‘आठच्या आत सोडते’ म्हणायचं, आणि तालमीला उशिरा येणाऱ्याला सोलून काढायचं. सोलून काढणं तिला फार छान जमायचं. आणि मंडळाची एक रीत होती, तिच्याही आधीची — आपल्याकडं विंगेत टाळी देत नाहीत. इतर कॉलेजांत नट हात नुसता हवेत फिरवतो, विंगेत उभा असलेला टाळी वाजवतो आणि थोबाडीत बसली असं लोकांनी समजायचं. आपल्याकडं बसते. पहिल्या वर्षाला असताना तेव्हाच्या सेक्रेटरीनं, ऋषिराजनं, भर तालमीत तिच्या गालावर लगावली होती. तिनं वाक्य चुकवलं नव्हतं. ‘पोरगी खरी निघाली,’ म्हणत सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. उंब्रजला घरी गेल्यावर दाढ सुजली म्हणून सांगितलं. वडील सुभेदार होऊन परतलेले; गालाकडं बराच वेळ बघत राहिले, मग उठून उसाला पाणी द्यायला गेले. त्या सुजेचा तिला अभिमान होता. अजूनही आहे... आहे ना?

मंगळवारी गोमटेश हसला होता.

एकांकिकेत थोरला भाऊ धाकट्याला वाटणीवरून मारतो. थोरला जयराज, धाकटा गोमटेश. जयराज मेढ्याचा, अंगानं पैलवान, पण हात म्हणून उठायचा नाही. ‘ताई, त्याचं तोंड बघितलं की माझा हातच गळतोय.’ सहा वेळा घेतलं. सातव्या वेळी गोमटेश हसला आणि म्हणाला, ‘ताई, टाळीच द्या की. लोकास्नी काय कळतंय?’ सगळा हॉल खिदळला. तेवढ्यावर ती उठली. ‘बघ, अशी मारायची,’ म्हणाली आणि मारली. दाखवायलाच मारायची असती तर गालावर मारली असती. कानावर कधी मारायचं नाही हे ऋषिराजनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिनं कानावर मारली. उघड्या तळव्यानं, सगळा खांदा घालून. आणि बरं वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं! गोमटेशनं मान कलती केली, कान दाबला, तिलाच ऐकू जाईल एवढं म्हणाला, ‘शिट्टी वाजतीया, ताई.’ ती म्हणाली, ‘पुढं घे.’ मग जयराजलाही जमलं. अकरा वेळा जमलं.

बुधवारी डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय. पैलवानाच्या अकरा थोबाडीत खाल्ल्यावर फाटणारच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ताईची एक कुणी मोजलीसुद्धा नाही. जयराजनं तर त्या दिवसापासून अन्नच टाकलं होतं. आत्ताही पुढं बसून तो गोमटेशची पिशवी मांडीवर घेऊन चालला होता. मी मारलं... मी. तीन दिवस हे वाक्य तिच्या दाताखाली खड्यासारखं येत होतं, आणि ती ते गिळत होती.

मघाशी आष्ट्याच्या स्टँडवर गोमटेशची आई, प्रभावतीकाकू, डबा घेऊन उभ्या होत्या. ‘गार वारं बाधलंय म्हणतोय कानाला. जरा बघ हं पोरी त्याच्याकडं. आन् दिवस मावळायच्या आत जेवू घाल, आमच्यात अंधार पडल्यावर खात न्हाईत.’ वारं बाधलंय! म्हणजे घरीही त्यानं सांगितलं नव्हतं. ‘हो काकू,’ म्हणून तिनं डबा घेतला. माउलीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तो हात झटकून टाकावासा वाटला तिला, मुरगळावासा.

साताऱ्याला रंगपटात जयराज तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

‘ताई, आज मी मारणार न्हाई. टाळी द्या, न्हाईतर मी हितनंच मेढ्याला निघालो.’

‘ऋषिराज आलाय बघायला. तिसऱ्या रांगेत बसलाय. रीत मोडायची आपण?’

‘मोडू दे. माझ्या हातानं पोराचा कान गेला, ताई. लय झालं.’ बोलता बोलता त्या एवढ्या मोठ्या अंगाला हुंदका फुटला.

आता बोलायचं होतं. एक वाक्य फक्त. आरशात गोमटेश अर्धा चेहरा रंगवून बसला होता आणि आरशातूनच तिच्याकडं बघत होता. बोल की तू, तिनं मनातल्या मनात त्याचं मुंडकं धरून आरशावर आपटलं, बोल ना, उपकार करतोस काय माझ्यावर? त्यानं ब्रश उचलला आणि उरलेली भुवई काढायला घेतली.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘टाळी देऊ. मीच देते.’ आणि लगेच तिला वाटलं, फिटलं. ऋषिराजसमोर नाक कापून घेते आहे ना मी, मग फिटलं... किती स्वस्तात सोडवत होती ती स्वतःला!

प्रयोग चांगला रंगला. प्रसंग आला तेव्हा ती डाव्या विंगेत होती, तळवे एकमेकांपासून वीतभर लांब. जयराजचा हात फिरला, चेहऱ्यापासून चांगला लांबून. तिनं टाळी दिली — पण त्याआधीच, तळवे नुसते हलले तेव्हाच, गोमटेश वळला होता. जयराजकडं त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं विंगेकडं, तिच्याकडं बघून कोपर कानावर घेतलं होतं, आणि तो गुडघ्यांतून खाली गेला होता. असं बसवलेलं नव्हतं. हॉल चिडीचूप झाला. कुणीतरी बाई ‘अगं आई गं’ म्हणाली.

आणि राजेश्वरीच्या मनात पहिल्यांदा काय आलं? वा. हेच हवं होतं मला महिनाभर. वा!

तो ‘वा’ आपलाच आहे हे कळायला तिला एक क्षण लागला.

जयराज एक्झिट घेऊन तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, घामानं निथळत. ‘ताई,’ तो कुजबुजला, ‘हात माझा हुता. त्यो तुमच्याकडं बघून का दचकला?’

समोर उजेडात गोमटेशचं स्वगत सुरू झालं होतं. ठरलेली जागा सोडून तो पार पलीकडच्या विंगेपाशी जाऊन बोलत होता, तिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. एरवी तिनं इथूनच हातवारे करून त्याला जागेवर आणलं असतं. आज हात वर करायची तिला भीती वाटली. त्याला दिसेल. ती एक पाऊल मागं सरली, अंधारात, मग आणखी एक... पाठीला भिंत लागली तरी आपण अजून जवळच आहोत असं तिला वाटत राहिलं.

‘ताई?’ जयराज पुन्हा म्हणाला.