एक कान उघडा

खट्. मागे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

एरवी त्या आवाजाचं काय एवढं! पण आमच्या संघाच्या ऑनलाइन लढाईच्या गेममधल्या उपांत्य सामन्याची शेवटची फेरी चालू होती. माझे चारही साथीदार आपापल्या घरी, आपापल्या पडद्यासमोर गारद होऊन बसले होते. उरले होते मी एकटी, आणि समोरच्यांचाही एकच गडी. अशा वेळी कोणी चकार शब्द काढत नाही. शत्रू कुठून येतोय ते पावलांच्या आवाजावरूनच ओळखायचं असतं. जिंकलो तर अंतिम सामना, हरलो तर घरी. म्हणजे, घरीच होतो म्हणा.

लेक उठली होती तर. दिवसभर काहीतरी गुणगुणत असते म्हणून आम्ही तिला भुंगा म्हणतो. तिला झोपवायची पाळी तिच्या बाबाची होती. त्यानं झोपवलं, पण स्वतःला.

मी पडद्यावरून नजर हलवली नाही. पाठीमागे छोटी पावलं वाजली, खुर्ची जराशी हलली, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली, मला न दिसलेली सावली बघून भुंगा जिवाच्या आकांतानं ओरडली, "आई, मागे!"

मी गेममध्ये गर्रकन वळले आणि बटण दाबलं. समोरचा गडी आडवा!

"ताईऽऽ!" चौघांनी एकदम आरोळी ठोकली. त्यात सगळ्यात मोठा आवाज आजोबांचा. आजोबा म्हणजे आमचा कॅप्टन. अजून मिसरूड नीट फुटलेलं नाही, पण उपदेश मात्र सत्तरीतल्यासारखा करतो.

"एक मिनिट," पंचांचा आवाज आला. महासंघानं नेमलेले हे पंच कॅमेऱ्यातून आम्हा सगळ्यांवर डोळे लावून बसलेले असतात. "ताई, खोलीत कोण आहे?"

"मुलगी माझी."

"ती तुमची प्रशिक्षक म्हणून नोंदलेली आहे का?"

"अहो, तिचा डावा बूट अजून उजव्या पायात जातो!"

पंच हसले नाहीत. समोरच्या संघानं तक्रार ठोकली होती, की हिला बाहेरून मदत मिळाली. निवाडा करायला महासंघाच्या बाई येणार होत्या. तेवढ्यात आजोबांचा फोन आला.

"ताई, घाबरू नकोस. हेडफोन लावल्यावर बाहेरचं काही ऐकू येत नाही, एवढंच म्हण. शत्रूची पावलं ऐकून वळलीस. रेकॉर्डिंगमध्ये तुझं वळणं आणि तिचं ओरडणं एकदमच आहे. तू म्हणशील ते चालेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर अंतिम सामना आपण सोफ्यावर बसून बघू. आमचं अख्खं वर्ष यात गेलंय गं."

बाई पडद्यावर आल्या. चष्मा पुसत पुसत त्यांनी रेकॉर्डिंग तीनदा बघितलं. "हेडफोन तर दिसतोय. मग मुलीचं ऐकू आलं का तुम्हाला?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो! पण भुंगा माझ्या मांडीवर बसून, आपणच सामना जिंकून दिल्याच्या थाटात सगळ्यांना हात हलवत होती.

मी कानावरचे केस मागे सारले. हेडफोनची डावी बाजू कानाच्या मागे सरकलेली होती. भुंगा झाली तेव्हापासून हे असंच होतं. हात आपसूक जातो आणि तो कान मोकळा करतो, माझं मलाही कळत नाही.

"ऐकू आलं," मी म्हणाले. "तिचं ऐकूनच वळले. पावलं मला ऐकूच आली नव्हती."

आजोबांनी इतका लांब सुस्कारा सोडला की बाईंनी वर बघितलं.

"खरं बोललात म्हणून सामना काढून घेत नाही," त्या म्हणाल्या. "फेरी रद्द. आत्ताच पुन्हा खेळा. तुम्ही केस वर बांधा, आणि दोन्ही कान झाकलेले मला दिसले पाहिजेत."

"ताई, तू पण ना," आजोबा पुटपुटला. मग म्हणाला, "जाऊ दे. केस घट्ट बांध. उडवू त्यांना."

गालावर उशीचे वळ घेऊन बाबा धावत आला. मी भुंग्याला खाली उतरवलं. "आता आईला काहीच ऐकू येणार नाही हं. दोन्ही कान बंद."

तिनं माझा एक कान बघितला, मग पलीकडे जाऊन दुसरा.

"मग माझ्या मागे कोणी आलं तर?"