गवतातला राखणदार

मी पिशोरच्या तळ्यातला म्हातारा मरळ बोलतोय. मासा म्हणून हसू नका. तोंडात दात हायेत अजून, काठावर गळ टाकणाऱ्या कडूबाला इचारा.

माझं गाव म्हंजी पाण्याखालचं गवत. पावसाळ्यात ते दाटायचं, तवा झिंगे, शिंगट्या, वाम, समद्यांची जत्रा भरायची. मी त्यांना खायचो, वाम माझी पोरं खायची. बरोबरीत सुटायचं. उन्हाळ्यात गवत वाळलं की जत्रा मोडायची. चिखलात मी अन् शिंगट्याच. मग कुणीतरी तळ्यात चिलापी सोडली, परदेशातली खादाड मासळी. तिनं गवत कुरतडलं, झिंगे संपवले. आता बारा महिने तीच.

मी बी काय साधा न्हाई. डुंबणाऱ्या म्हशीची शेपटी ओढायची, म्हैस उधळली की वर बसलेला गुराखी पाण्यात! लई मजा.

औंदा मला लाल-लाल पिल्लं झाली. त्यांची आई कडूबाच्या गळाला गेली. पिल्लं घोळक्यानं वर दम घ्यायला येतात; कडूबानं तिथंच गळाला बांधलेला जित्ता बेडूक नाचवला. गळ मला दिसत व्हता. पण पिल्लावर आलेल्याला सोडतो कोण? बेडूक फोडला. गळ टाळूतून आरपार.

कडूबानं मला काठावर आपटलं. मी मेल्याचं सोंग घेतलं.

"खलास," कडूबा म्हणला.

"नीट बघा अवं, लई नाटकी हाय त्यो," त्याची बायको सुगंधाबाई म्हणली.

"तू नको शिकवू मला!"

त्यानं सावकाश गळ उपसला. अंगठा तोंडाशी आला अन् मी हाडापस्तोर चावलो.

"मेलो गं, मेलो!"

"व्हय का? आता तुमचं बी सोंग?"

रक्ताची चिळकांडी उडली. मी सरपटत पाण्यात. काय हसलो!

उरल्यासुरल्या गवतात आलो. घोळका नव्हता. चिलाप्या पोटं तट्ट फुगवून फिरत व्हत्या. सोंग जरा लांबलं व्हतं. एकीचं पोट फाडलं, आतून माझंच लाल पोर निघालं. मग दुसरीचं फाडलं. मग दिसंल तिचं.

बुडाशी मूठभर पिल्लं उरली हायेत. त्यांच्याभवती फिरतोय. टाळू अजून गळतीया. अन् काठावर कडूबा परत आलाय, अंगठ्याला फडकं, हातात नवा बेडूक.

कडूबा, मला ने बाबा, पण पिल्लं गवतात लपायला शिकू दे, मग ये. तवा सोंग बी न्हाई करणार.

आत्ताच बेडूक टाकलास, तर मी झेप घेणारच. तुला ठाव हाय. मला बी ठाव हाय.