काचेपलीकडचं पाऊल

मित्रांनो, शर्टाच्या खिशात मावणारा आणि वयानं बराच जुना झालेला असा मी एक डिजिटल कॅमेरा आहे. माझ्या कडांचा रुपेरी रंग उडाला आहे. झूम करताना माझं भिंग कुरकुरतं. मी आजवर वाढदिवस पाहिले, लग्नं पाहिली, सहली पाहिल्या. पण गेल्या मे महिन्यात मी जे पाहिलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

संजीवरावांनी मला नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानातून सक्करदऱ्याच्या आपल्या घरी आणलं. ते हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला. त्यांची मुलगी रुचिका तेव्हा पहिलीत होती आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये मोर होणार होती. त्या मोराचा मी काढलेला फोटो संजीवरावांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना दाखवला. केवढं कौतुक झालं माझं! पुढे घरात स्मार्टफोन आला आणि मी आलमारीत गेलो, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. आलमारी उघडली की दर वेळी वाटायचं, आता आपल्याला काढतील. हात यायचा, एखादी चादर घेऊन जायचा, आणि पुन्हा अंधार व्हायचा.

शेवटी मला बाहेर काढलं ते रुचिकानंच. तिचं कॉलेज संपलं होतं आणि तिला फोटोचं काम करायचं होतं. मोठा कॅमेरा नव्हता, मी होतो. कुठून तरी तिनं फिल्टरबद्दल वाचलं. फिल्टर म्हणजे भिंगापुढे लावायची काच. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाला आटे असतात, त्यात ती फिरवून बसवतात. मला आटेच नाहीत! दुकानदार हसून म्हणाला, "एवढ्याशा कॅमेऱ्याले कुठी फिल्टर लागते का?"

रुचिकानं हार मानली नाही. तिनं माझ्या भिंगाच्या कडेला लोखंडाची एक पातळ कडी चिकटवली आणि तिच्यावर चुंबकानं बसणारा फिल्टर आणला. पहिल्या वेळी गोंद जास्त झाला आणि माझं भिंग आतच जाईना. ती घाबरली, मीही घाबरलो. मग तिनं टाचणीनं गोंद खरवडून काढला. फिल्टर काढल्याशिवाय मला बंद करायचं नाही, हेही ती त्याच दिवशी शिकली.

त्या फिल्टरचं नाव पोलरायझर. तो काय करतो, हे मला नत्थूजींमुळे कळलं. नत्थूजी म्हणजे रुचिकाचे आबा. उमरेडला त्यांचा हातमाग होता. एका सकाळी ती त्यांना सक्करदरा तलावावर घेऊन गेली आणि फिल्टर त्यांच्या डोळ्यापुढे धरला.

"आबा, आता हा हळूहळू फिरवा."

आबांनी फिरवला आणि ते ओरडलेच, "अरे बाप्पा! पाण्यावरची चमक गेली वं! खालच्या मासोया दिसून राहिल्या!"

तलाव तोच होता, ऊन तेच होतं. फक्त पाण्यावर चमकणारं आभाळ बाजूला झालं होतं.

रुचिकाच्या गल्लीतल्या धर्मेंद्रभाऊंचा उमरेड रोडला जुन्या गाड्या विकायचा धंदा आहे. मोकळं आवार, पुढे ऑफिसची खोली, मागच्या बाजूला त्यांच्या आईचं, शोभाताईंचं घर. ते रुचिकाला म्हणाले, "फोनवरच्या फोटोत काचेत सारं आभाळच येते. गिऱ्हाईक विचारते, गाडी आतून कशी आहे? तुह्याजवळ थे फिल्टर आहे ना, त्यानं काढून दे."

आम्ही गेलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मे महिन्यातलं नागपूर तुम्हाला ठाऊकच आहे. गाड्यांचे पत्रे हात लावू देत नव्हते. ऑफिसात कूलर घरघरत होता आणि धर्मेंद्रभाऊ फोनवर कुणाशी तरी बोलत होते. रुचिकानं रांगेतल्या पांढऱ्या गाडीपासून सुरुवात केली. त्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर काळी फिल्म होती, म्हणून ती समोरच्या काचेपुढे जरा तिरकी उभी राहिली आणि एक फोटो काढला. काचेत आभाळ आलं, कडुनिंबाचं झाड आलं, दुकानाची पाटी उलटी आली.

मग तिनं माझ्यावर फिल्टर बसवला आणि तो फिरवू लागली.

आभाळ फिकं झालं. झाड पुसलं गेलं. स्टिअरिंग दिसलं, पुढच्या सीट दिसल्या. आणि दोन सीटच्या मधून बाहेर आलेलं एक लहानसं पाऊल दिसलं. पायात जांभळी सँडल होती.

रुचिकाला ती बाहुली वाटली. तिनं झूम केला आणि बटन दाबलं. बाहुलीच्या टाचेवर पट्टी चिकटवलेली नसते. ते पाऊल हलत नव्हतं.

"धर्मेंद्रभाऊ! गाडीत कोणी आहे! भाऊ, लवकर या!"

धर्मेंद्रभाऊ दारात आले. "काहून ओरडून राहिली वं? लॉक आहे थे गाडी. कोण राहीन आत?"

तिनं मला त्यांच्यापुढे धरलं. माझ्या पडद्यावर तो फोटो होता. मित्रांनो, मी पुष्कळ चेहरे पाहिले आहेत, पण माणसाचा चेहरा एका क्षणात असा रिकामा झालेला कधी पाहिला नव्हता. ती सँडल त्यांनीच घेऊन दिली होती. ती त्यांची चार वर्षांची मुलगी होती, सोनिका.

आणि सोनिकाला कुणी शोधतही नव्हतं.

रुचिकाच्या हातातून मी खाली पडलो. फिल्टर तडकला. मी उताणा पडून होतो, मला तडकलेलं आभाळ दिसत होतं आणि फक्त आवाज ऐकू येत होते. किल्ल्या फरशीवर पडल्याचा आवाज. धर्मेंद्रभाऊंचं "कोणती आहे, या गाडीची कोणती आहे" असं पुटपुटणं. मग चाक खोलायच्या लोखंडी टॉमीचा घाव, आणखी एक घाव, आणि काच फुटून सांडली. मागून चपला फटफटत आल्या.

"काय झालं रे? सोनिका तुह्याजवळच होती ना?" शोभाताईंचा आवाज.

"मले वाटलं तुह्याजवळ आहे, आई!"

"पाणी आणा! कूलरमधलं आणा!" रुचिका ओरडत होती. "माही ओढणी भिजवा!"

त्यानंतर मला लेकराचा आवाज हवा होता. तो येतच नव्हता. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, ती रस्त्याला लागली, आणि आवारात कूलरची घरघर तेवढी उरली. माझी बॅटरी संपेपर्यंत मी वाट पाहत होतो.

पुढचं मी रुचिकाच्या तोंडून ऐकलं, तिनं मला उचलून घरी आणल्यावर. ती आबांना सांगत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मुलगी किती वेळ आत होती?" बापाला सांगता येईना. आजीला सांगता येईना. सकाळी गाडी आतून पुसायला दार उघडं ठेवलं होतं, तेव्हा सोनिका आपल्या खेळातलं घर मांडायला मागच्या सीटवर चढली होती. धर्मेंद्रभाऊंनी जाता जाता दार ढकललं आणि ऑफिसच्या दारातून रिमोट दाबला. आत पाहिलं नाही.

सोनिका वाचली. मित्रांनो, हे सांगायला मी उशीर केला, पण त्या घरालाही ते लवकर कळलं नव्हतं. दवाखान्यातल्या अतिदक्षतेच्या काचेच्या खोलीबाहेर सगळे बसून होते, आणि आत ती बोललीच नाही. मग एका सकाळी तिनं नर्सला म्हटलं, "मले तहान लागली."

रुचिकानं मात्र मला हात लावणं सोडलं. ते दोन फोटो ती पुसून टाकणार होती. त्याआधी धर्मेंद्रभाऊ घरी आले आणि त्यांनी दोन्ही पाहिले. पहिल्याकडे ते फार वेळ पाहत राहिले, ज्यात नुसतं आभाळ होतं.

"या गाडीजवळून मी दोनदा गेलो, रुचिका," ते म्हणाले. "मले हेच दिसत होतं."

नत्थूजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सोनिका घरी आल्यावर एका रविवारी धर्मेंद्रभाऊंनी गल्लीतली सगळी मुलं आवारात बोलावली. एक गाडी सावलीत लावली, चारही दारं सताड उघडी ठेवली आणि प्रत्येक मुलाला स्टिअरिंगपुढे बसवलं. "कधी आत अडकले तं रडाचं नाही. पुढं यायचं आणि हा हॉर्न दाबाचा. कोणी येईपर्यंत सोडाचं नाही. आणि लपाले गाडीत जायचंच नाही, समजलं?"

शेवटी सोनिकाची पाळी आली. ती आजीचा पदर सोडेना. मग शोभाताई स्वतः आत बसल्या, तिला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही तळवे हॉर्नवर ठेवले. हॉर्न वाजला. धर्मेंद्रभाऊ समोरच उभे होते, तरीही ते गाडीकडे धावत सुटले. रुचिकानं त्या दिवशी मला पुन्हा हातात घेतलं होतं; तेवढ्यात तिनं माझं बटन दाबलं. फोटो हलला आहे, पण तिनं तो ठेवला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला जपा, एवढं सांगून मी थांबलो असतो. पण आता मला दुसरंच सांगायचं आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेत फक्त आभाळ दिसलं, तर तेवढ्यावर पुढे जाऊ नका. तिथे फिल्टर लागत नाही. दोन्ही हातांचा आडोसा करा, डोळे काचेजवळ न्या आणि आत पाहा.