डावखुऱ्याची बाजू

बॉक्सिंगच्या हेवीवेट विजेतेपदाची लढत रविवारी सकाळी होणार होती आणि सोफेवाल्याने सोमवारपासूनच तोंडात मिठाची गुळणी धरली होती. एरवी अशा लढतीआधी त्याच्या घरात आठवडाभर कान किटवणारं भांडण चालायचं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सासूबाई. वीस वर्षांचा नेम होता: दोघांनी एकाच बॉक्सरची बाजू घ्यायची नाही. एकाने निवडला की उरलेला दुसऱ्याचा. मग तो कितीही मरतुकडा असो, त्याच्यासाठी जिवाच्या आकांताने भांडायचं.

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. हाडांच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे बॉक्सरचा चेहरा त्या कधी बघायच्याच नाहीत. खांदे, बरगड्या, मनगटं बघायच्या. लेकीकडे चार दिवस म्हणून आल्या आणि तिथल्याच झाल्या. दोन वर्षांपूर्वी लेक गेली. घरात सासू आणि जावई दोघंच उरली. मधला माणूस गेल्यावर असं नातं कशावर टिकतं, देव जाणे. या दोघांचं बॉक्सिंगवर टिकलं होतं.

पण गेल्या रविवारी सासूबाईंच्या मुलाचा फोन आला. कमी ऐकू येतं म्हणून सासूबाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, त्यामुळे जावयालाही सगळं ऐकू गेलं.

"आई, आता तिथे कोण आहे तुझं? पुढच्या रविवारी न्यायला येतो. शनिवारी फोन करतो, तोवर ठरव."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

 त्यांनी जाऊ नये असं सोफेवाल्याला मनापासून वाटत होतं, पण मनातलं ओठांवर आणायची या गड्याला सवयच नव्हती. दुकानात एका जुन्या खुर्चीचे पट्टे ताणता ताणता त्याने विचार केला: म्हातारं माणूस, रोजच्या वादाला कंटाळलं असेल. आठवडाभर आपण गोड वागायचं, म्हणजे राहतील. शहाण्या माणसाची अक्कल अशी ऐन वेळी चरायला जाते.

"आपला म्हातारा जिंकणार," सोमवारी सासूबाईंनी जाहीर केलं. म्हातारा म्हणजे सध्याचा विजेता, वय एकोणचाळीस. "तो डावखुरा पोरगा तुमचा."

"म्हाताराच जिंकेल, आई," सोफेवाला म्हणाला.

सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मंगळवारी त्यांनी स्वतःच गळ टाकला. "म्हाताऱ्याचा उजवा हात दोनदा मोडलाय म्हणे."

"तुम्हीच सांगता ना, नीट जुळलेलं हाड भक्कम असतं म्हणून?"

बुधवारी त्या डावखुऱ्याला 'नुसता फुगा' म्हणाल्या. "खरंय," जावई म्हणाला. गुरुवारी त्यांनी विषयच काढला नाही. घर कसं शांत झालं म्हणून हा खूश.

शनिवारी दुपारी टीव्हीवर दोघा बॉक्सरांची वजनं करणं चाललं होतं. सोफेवाला लवकर घरी आला, म्हातारा काट्यावर चढताना त्याला दिसलाही, पण सासूबाई टीव्हीसमोर नव्हत्या. आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी होती आणि त्या कपड्यांच्या घड्या भरत होत्या. आणि हा बोलू नये तेच बोलला.

"चेन अडकतेय का? लावून देऊ?"

"द्या ना. त्यासाठीच तर आठवडाभर गोड बोलत होतात."

"म्हणजे?"

"जावईबापू, चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. पेशंटचे नातेवाईक आमच्याशी भांडायचं थांबले की मी ओळखायचे, यांनी पेशंटला मनातून निरोप दिला." त्यांनी एक साडी उलगडून पुन्हा घडी घातली. "लेक गेली, तेव्हासुद्धा तिसऱ्या आठवड्यात तुम्ही माझ्याशी कडाकडा भांडलात. त्या दिवशी मला वाटलं, चला, हे घर अजून आपलं आहे."

सोफेवाला उभ्या उभ्या लाल झाला. लाज वाटली, रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. यातलं काहीच सांगता येईना. शेवटी त्याने बॅग पलंगावरून उचलली आणि जमिनीवर आदळली.

"तुमचा म्हातारा सहाव्या राउंडला आडवा होणार!"

"काय म्हणालात?"

"गुडघे गेलेत त्याचे! वजनाच्या काट्यावर चढताना शेजारच्याचा खांदा धरला त्याने! डावखुरा त्याला नुसता गोल गोल फिरवणार!"

"फिरवेल! बरगडीखाली एक बसला की कळेल! सोफे शिवा तुम्ही, माणसाच्या शरीरातलं काय कळतं तुम्हाला?"

"पाय कुणाचे मोडकळीला आलेत एवढं कळतं मला! खुर्चीचे असोत नाहीतर विजेत्याचे!"

दोघांचे आवाज इतके चढले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी बटण दाबलं.

"आई, उद्या कितीला येऊ?"

"कशाला येतोस? इथे हा माणूस म्हणतोय, म्हातारा सहाव्या राउंडला आडवा होणार. याला असा टाकून येऊ?"

"अगं, बॉक्सिंगसाठी तू तिथे राहणार?"

"बॉक्सिंगसाठी नाही रे. तू मला विचारलंस ना, तिथे कोण आहे तुझं? तो आहे. ठेव आता." त्यांनी फोन बंद केला, पदराने डोळे पुसले आणि जावयाकडे वळल्या. "हं. गुडघ्यांचं काय म्हणत होतात?"

सोफेवाल्याने जमिनीवरची बॅग उचलली आणि आतल्या घड्या कपाटात ठेवायला लागला.

"बोला की!" सासूबाई ओरडल्या.